मनगटावरचा कोस

मोजण्याची हौस मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. भास्कराचार्यांनीं लीलावतींत आठ यवांचें एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हस्त, चार हस्तांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश आणि चार क्रोशांचें एक योजन अशी परिभाषा सांगितली आहे. जवाच्या दाण्यापासून निघून योजनापर्यंत पोंचणारी ही माळ आम्हीं विद्यार्थिदशेंत घोकली. हल्लींच्या तरुण मंडळींस तसे श्रम पडत नाहींत. त्यांच्या मनगटावर जी. पी. एस. चें घड्याळ असतें, आणि गड उतरून पायथ्याशीं आल्यावर तें घड्याळ आपण किती चाललों हें दशांशचिन्हापुढील दोन अंकांपर्यंत सांगून मोकळें होतें. १२.७४ किलोमीटर! जेथें आमच्या वडिलांचें 'कोस-दोन कोस' म्हणून भागत असे, तेथें आतां दहा दहा मीटरांचा हिशेब मिळूं लागला आहे.

हा हिशेब कितपत खरा मानावा, हें या लेखांत पाहावयाचें योजिलें आहे. विषय वरवर पाहतां हौशी लोकांचा वाटेल. परंतु सह्याद्रीच्या एखाद्या धारेवर सूर्य कलूं लागला म्हणजे 'अजून किती उरलें?' या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. मुलाबाळांना गडावर पाठविणाऱ्या वडील मंडळींनींहि तो समजून घेणें म्हणून अगत्याचें आहे.

दोन घड्याळें, दोन आकडे

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या शेजारच्या घरांतील एक बहीण, तिचा भाऊ व त्यांचे दोघे मित्र राजगडाहून तोरण्यास निघाले. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून, मधली डोंगरधार धरून, तोरण्याच्या बुधला माचीवर चढणारी ही वाट गिरिभ्रमण करणाऱ्यांस सुपरिचित आहे. भावा-बहिणीच्या मनगटांवर निरनिराळ्या बनावटीचीं घड्याळें होतीं. दोघें एकाच वाटेनें, एकमेकांच्या मागें-पुढें चाललीं. तरी तिसऱ्या प्रहरापर्यंत दोन घड्याळांत सवा किलोमीटरांचें अंतर पडलें. पूर्वीं कोणी त्या वाटेनें जाऊन आलेल्या माणसानें टिपून ठेवलेली एकूण लांबी त्यांच्यापाशीं होती. तींतून भावाच्या घड्याळाचा आकडा वजा केला, तों बाकी अगदीं थोडी राहिली. मग घाई कसली? मंडळी झाडाच्या सावलींत ऐसपैस बसली, शिदोरी सोडली, गप्पा रंगल्या.

चढ लागण्यापूर्वींच अंधार पडला. चौघांत विजेरी एक, आणि पाणी तळाशीं गेलेलें. जवळच्या धनगरवाड्यावरील एका म्हाताऱ्यानें त्यांची हांक ऐकली व रात्रीपुरता आसरा दिला. "पोरांनो, दिस कासराभर असतांना हितनं निघाया पायजे व्हतं," एवढेंच तो म्हणाला. सकाळीं मंडळी सुखरूप मार्गस्थ झाली. घरीं परतल्यावर मात्र कोणाचें घड्याळ खोटें, यावर कडाक्याचा वाद झाला आणि निवाड्यासाठीं दोघेंहि आमच्याकडे आलीं. निवाडा करावयाचा तर साक्षीदार कसा पाहतो व काय पाहतो हें आधीं कळलें पाहिजे. म्हणून प्रथम घड्याळाची रीत सांगतों.

आकाशांतील हांक

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे आणि तिहींनीं भागावें, म्हणजे वीज किती किलोमीटरांवर चमकली तें ढोबळ मानानें निघतें. जी. पी. एस. ची सारी युक्ति याच जातीची आहे. अमेरिकेनें या मालिकेंतला पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडला व १९९५ सालीं ती योजना पूर्णत्वास नेली. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून निदान चोवीस उपग्रह पृथ्वीभोंवतीं फिरत असतात. प्रत्येकाच्या पोटांत अत्यंत बिनचूक असें आण्विक घड्याळ असून, 'मी अमुक ठिकाणीं आहें व आतां अमुक क्षण आहे' अशी हांक तो अखंड देत असतो. ती हांक प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर या गतीनें, खालीं येते. हांकेस किती वेळ लागला हें कळलें कीं उपग्रह किती दूर हें कळतें. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून आपलें स्थान ठरावें. परंतु मनगटावरचें घड्याळ बिचारें स्वस्तांतलें, त्याची वेळ तितकी काटेकोर नसते. तीच चूक शोधून काढण्यासाठीं चौथ्या उपग्रहाची साक्ष लागते.

येथें वेळेचा हिशेब किती सूक्ष्म लागतो पाहा. एका सेकंदाचा दहालक्षावा भाग चुकला तर अंतर तीनशें मीटरांनीं चुकतें. आइन्स्टाइनच्या सापेक्षतासिद्धांतानुसार उपग्रहावरील घड्याळ भूमीवरच्या घड्याळापेक्षां दिवसास सुमारें ३८ दशलक्षांश सेकंद पुढें जातें. ती दुरुस्ती केली नाहीं तर एका दिवसांत दहा किलोमीटरांहून अधिक घोटाळा व्हावा. अमेरिकन सरकार पूर्वीं सामान्य जनांसाठीं असलेल्या संदेशांत मुद्दाम अशुद्धता मिसळीत असे. तो प्रकार २००० सालच्या मे महिन्यांत बंद झाला. आतां रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या मालिकांचे उपग्रहहि मदतीस आहेत, आणि आपल्या देशानेंहि २०१३ पासून 'नाविक' मालिकेचे उपग्रह सोडले आहेत. मोकळ्या आकाशाखालीं खिशांतल्या साध्या फोनालाहि आपलें स्थान सुमारें पांच मीटरांच्या आंत सांगतां येतें. ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

पण वाचकांनीं एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. घड्याळ आपली वाट मोजीत नाहीं. तें ठराविक वेळानें आपल्या स्थानाचा एकेक ठिपका टांकतें, लगतचे दोन ठिपके सरळ रेषेनें जोडतें, आणि त्या सर्व तुकड्यांची बेरीज आपल्यास सांगतें. स्थान ही त्याची साक्ष. अंतर हा त्या साक्षीवरून त्यानें केलेला तर्क. या तर्कांत परस्परविरुद्ध असे दोन दोष शिरतात.

वाढणारें अंतर

पहिला दोष वाढीचा. समजा, आपण सरळ वाटेनें चाललों असून दर दहा मीटरांवर एक ठिपका पडतो. एक ठिपका वाटेच्या डावीकडे तीन मीटर सरकला, पुढचा उजवीकडे तीन मीटर. म्हणजे भुज दहा, कोटि सहा, कर्ण किती? शंभर अधिक छत्तीस यांचें वर्गमूळ ११.६६. दहा मीटरांच्या जागीं पावणेबारा मीटरांच्या आसपास! ही नागमोडी सबंध दिवस चालली तर दहा किलोमीटरांची वाट साडेअकरांच्याहि पुढें जाईल. प्रत्यक्षांत इतका अतिरेक सहसा होत नाहीं, कारण लगतच्या क्षणांतील चुका बहुधा एकाच बाजूस कललेल्या असतात, आणि घड्याळहि वेड्यावांकड्या ठिपक्यांना थोडें वळण लावतें. तथापि ठिपक्यांच्या यादृच्छिक चुकांमुळें मोजलेलें अंतर सरासरीनें खऱ्याहून मोठेंच भरावें, हें रानाखर व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं गणितानें दाखवून दिलें आहे. मोटारगाडी सेकंदांत पंधरा-वीस मीटर जाते, तिला तीन मीटरांची चूक जाणवत नाहीं. चढावर धांपा टांकणारा मनुष्य सेकंदांत जेमतेम मीटरभर सरकतो. त्याच्या हिशेबांत तीच चूक डोईजड होते.

आपण स्वस्थ बसलों तरी ठिपके स्वस्थ बसत नाहींत. ते आपल्याभोंवतीं रेंगाळत राहतात, आणि घड्याळ थांबविलें नसेल व त्यास स्वतःहून विश्रांति ओळखतां आली नाहीं, तर भाकरी खातां खातांहि चाल वाढत जाते. त्यांत कडा जवळ असला म्हणजे आणखी भर. उपग्रहाची हांक सरळ न येतां कातळावर आपटून येते, उशीर होतो, आणि घड्याळ समजतें कीं उपग्रहच दूर गेला. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या घळींत दोहों बाजूंस भिंती उभ्या; तेथें खऱ्या हांकेपेक्षां प्रतिध्वनि अधिक. भीमाशंकरच्या गर्द रानांत पानांचें छत आड येतें, व पावसानें तें भिजलेलें असलें म्हणजे संदेश अधिकच क्षीण होतो. हल्लीं दोन निरनिराळ्या लहरींवर हांक ऐकणारीं घड्याळें निघालीं आहेत. त्यांना खरी हांक व प्रतिध्वनि यांची निवड बरीच चांगली करतां येते. पण तींहि या दोषापासून सर्वस्वीं मुक्त नाहींत.

घटणारें अंतर

दुसरा दोष घटीचा. ज्या व चाप हे शब्द आमच्या गणितशास्त्रानें धनुष्यावरून घेतले. धनुष्याची दोरी धनुष्याहून नेहमीं आंखूड असते. वाट वळणें घेत गेली व ठिपके विरळ पडले, तर घड्याळ प्रत्येक वळणाची दोरी तेवढी मोजतें, चाप सोडून देतें. वीस मीटर व्यासाचें अर्धवर्तुळाकार वळण चालतांना आपले सुमारें साडेएकतीस मीटर होतात; दोन टोकांनाच ठिपका पडला तर वहींत वीसच जमा होतात. गड चढतांना तर वाट उजवीकडे वीस मीटर जाऊन तशीच डावीकडे वळते. दोन्हीं ठिपके जवळजवळ पडले तर सारीच मेहनत बुडाली! बॅटरी अधिक टिकावी म्हणून ठिपके बऱ्याच वेळानें टांकण्याची सोय कांहीं घड्याळांत असते. तिचा उपयोग करणाऱ्यानें ही घट धरूनच चालावें.

भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरींत आकाशाची नुसती चिंधी दिसते. अशा ठिकाणीं उपग्रह लाभले नाहींत तर पुष्कळ घड्याळें हाताच्या हेलकाव्यांवरून पावलें मोजून अंतराचा अदमास करतात. ही रीत जुनीच आहे. पंडित नैनसिंह रावत यांनीं १८६५-६६ सालीं सर्व्हे खात्यातर्फे गुप्तपणें ल्हासापर्यंत जातांना एकशें आठांऐवजीं शंभर मण्यांची माळ जवळ ठेविली होती. शंभर पावलें झालीं कीं एक मणि ओढावयाचा. पण नैनसिंहांनीं आपलें पाऊल एकसारखें पडावें म्हणून कसून अभ्यास केला होता. मोठमोठ्या धोंड्यांवरून हात टेंकीत उतरणाऱ्या आमच्या नातवंडांचें पाऊल तसें कोठून पडणार?

चढाचीहि एक शंका पुष्कळ जण काढतात. घड्याळ आडवें अंतर मोजतें, चढाचा कर्ण मोजीत नाहीं, म्हणून आंकडा कमी येतो, असें ते म्हणतात. कांहीं घड्याळें कर्ण धरतात, कांहीं धरीत नाहींत. पण फरक वाटतो तेवढा नाहीं. आडवें अंतर दोन किलोमीटर व चढ सहाशें मीटर घ्या. हा चढ चांगलाच दमविणारा आहे. कर्ण येतो २,०८८ मीटर. म्हणजे अठ्ठ्याऐशीं मीटरांचा, शेंकडा साडेचारांहूनहि कमी असा फरक. घोटाळ्याचें मूळ बहुतेक वेळां ठिपक्यांतच सांपडतें.

खरी लांबी कोणती?

आतां कोणी म्हणेल, मग खरी लांबी तरी सांगा. येथें एक गंमतीची अडचण आहे. लुई फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें देशांच्या सीमा मोजतांना असें पाहिलें कीं मोजपट्टी जितकी लहान घ्यावी तितकी लांबी वाढत जाते. त्याचें हें काम त्याच्या मरणानंतर १९६१ सालीं प्रसिद्ध झालें, व १९६७ सालीं मांडेलब्रॉट यांनीं ब्रिटनच्या किनाऱ्याचें उदाहरण घेऊन तो विचार पुढें नेला. डोंगरवाटेची गत हीच आहे. ५०,००० स एक या प्रमाणाच्या सर्व्हेच्या नकाशांत एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. तेथें वाटेचीं बारीक वळणें काढावयास जागाच नाहीं. म्हणून नकाशावरची लांबी बहुधा कमी भरते, आणि करवंदीच्या जाळीला वळसा घालून गेलेल्या पायांची लांबी अधिक.

बिनचूक मोजणी करतां येते, पण तिची किंमत द्यावी लागते. लॅम्ब्टन यांनीं १८०२ सालीं मद्रासेजवळ साडेसात मैलांची एकच आधाररेषा पोलादी सांखळीनें मोजली, तिला सत्तावन्न दिवस लागले. भारताच्या महात्रिकोणमितीय मोजणीचा पाया घालणारा हा पुरुष पुढें १८२३ सालीं आमच्या हिंगणघाट येथें निवर्तला. आजहि मॅरेथॉन शर्यतीचा ४२.१९५ किलोमीटरांचा मार्ग अधिकृतपणें मोजतात तो जी. पी. एस. नें नव्हे, तर चाकाचे फेरे मोजणारें यंत्र लावलेल्या सायकलीनें. तेव्हां डोंगरांतल्या घड्याळानें शेंकडा पांचांच्या आंत अंतर सांगितलें तर त्यास शाबासकीच द्यावी.

बाकींतील धोका

पण हेच शेंकडा पांच वजाबाकींत काय करतात तें पाहा. शेजारच्या मुलांचें गणित येथेंच फसलें. समजा, सांगीव लांबी चौदा किलोमीटर, आणि घड्याळ म्हणतें साडेबारा चाललां. बाकी दीड. आतां सांगीव लांबी हीहि कोणाच्या तरी घड्याळाचाच आकडा. दोहोंत शेंकडा पांच चूक धरली, तर एकूण वाट १३.३ ते १४.७, आणि चाललेली ११.९ ते १३.१ यांच्या दरम्यान कोठेंतरी असणार. मग बाकी? ती २०० मीटरहि असूं शकेल आणि २.८ किलोमीटरहि! दोन मोठ्या रकमांतील लहानशी चूक त्यांच्या बाकींत राक्षसाएवढी होते. जमाखर्च ठेवणारास हें सांगावयास नको.

त्यांतूनहि ती बाकी दीडच निघाली, तरी तो दीड कोणता? डब्ल्यू. डब्ल्यू. नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिरिप्रेमीनें १८९२ सालीं एक नियम सांगितला तो अद्यापि उपयोगी पडतो. मीटरांत मांडला तर तो साधारण असा : दर पांच किलोमीटरांस एक तास, व शिवाय दर सहाशें मीटर चढास आणखी एक तास. मघांचेंच उदाहरण घ्या. दोन किलोमीटर सपाटीला चोवीस मिनिटें; त्याच दोन किलोमीटरांत सहाशें मीटर चढ असेल तर एक तास चोवीस मिनिटें. अंतरांत अठ्ठ्याऐशीं मीटरांचा फरक, वेळेंत साडेतीन पट! शिवाय हा नियम धडधाकट व न थांबणाऱ्या माणसाचा. ऊन, ओझें, घसारा व मंडळींतील सर्वांत सावकाश चालणारा गडी यांच्यासाठीं त्यांत आणखी भर घालावी लागते.

आमच्या खेडुतांस हें कोणी शिकविलें नव्हतें, तरी ते वाट किलोमीटरांत सांगत नाहींत. 'न्याहारीच्या वेळेला निघालांत तर दुपारीं पोंचाल,' असें सांगतात. आणि दिवस किती उरला हें सांगावयाचें तर म्हणतात, कासराभर. बैलाच्या दोरीनें ते सूर्य मोजतात व सूर्यानें वाट मोजतात. जी. पी. एस. चे उपग्रह तरी दुसरें काय करतात? वेळ मोजतात व तिच्यावरून अंतर सांगतात. धनगर व उपग्रह या बाबतींत एकाच मताचे आहेत.

निवाडा

म्हणून आम्हीं त्या भावंडांस दिलेला निवाडा येणेंप्रमाणें. मनगटावरच्या घड्याळाला तीन प्रश्न विचारतां येतात : आतां किती वाजले, मी कोठें आहें, व मी किती चाललों. पहिल्याचें उत्तर तें उत्कृष्ट देतें. दुसऱ्याचें बरेंच चांगलें देतें, कारण स्थानाची चूक साचत जात नाहीं. सकाळची चूक संध्याकाळच्या ठिपक्यास चिकटत नाहीं. तिसऱ्यांत मात्र प्रत्येक तुकड्याची चूक बेरजेंत शिरते व तेथेंच राहते. तेव्हां निर्णय पहिल्या दोन उत्तरांवर करावा, तिसरें वहींत लिहून ठेवण्यापुरतें घ्यावें. किती उरलें हें पाहावयाचें तर एकूणांतून वजाबाकी न करतां आपला ठिपका नकाशावर पाहावा, पुढची वाट व पुढचा चढ पाहावा, आणि त्याचे तास करावे.

तिसरें उत्तर सुधारण्याचे साधे उपायहि आहेत. निघतांना मोकळ्या जागीं उभें राहून घड्याळास उपग्रह पुरते सांपडूं द्यावे, मगच पाऊल उचलावें. दर सेकंदास ठिपका टांकण्याची योजना निवडावी. विसाव्यास बसतांना मोजणी थांबवावी, आणि उठतांना ती सुरू करण्यास विसरूं नये. हवेच्या दाबावरून उंची सांगणारें घड्याळ असेल तर ज्याची उंची ठाऊक आहे अशा ठिकाणीं तें लावून घ्यावें. कारण हवा पालटली म्हणजे दाबहि पालटतो, व जागेवर बसल्या बसल्या उंची बदललेली दिसते. दोन घड्याळांत शेंकडा दहापर्यंत फरक पडला तर भांडूं नये.

आणि घरच्या वडील मंडळींस एक विनंति. मुलें गडावर निघालीं म्हणजे 'किती किलोमीटर चालणार?' असें आपण कौतुकानें विचारतों. त्याऐवजीं 'किती वाजतां माघारी फिरणार?' असें विचारावें, उत्तर कागदावर लिहून घ्यावें, आणि ती वेळ झाली म्हणजे गडाचा माथा समोर दिसत असला तरी फिरावयाचें, असें वचन घ्यावें.